चोपन्न फुटांवरचा सूर्यास्त

सोमवारी संध्याकाळी बायको चित्रकलेच्या वर्गावरून आली ती हातात एक पांढरं कार्ड घेऊन. आहेराच्या पाकिटाएवढं. ते तिने माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "यावर चार ओळी लिहून द्या. शनिवारी सकाळी चित्रं साताऱ्याला जाणार आहेत, त्याच्या आत."

"कसल्या चार ओळी?"

"माझ्या चित्राबद्दल. तुम्हाला त्यात काय दिसतं ते."

मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. अर्ज, टिपणी, अहवाल, खुलासा असं सगळं सरकारी मराठी माझ्या हाताखालून गेलेलं आहे. चार ओळी म्हणजे चहा संपायच्या आत होतील असं वाटलं. तिथेच फसलो.

तो वर्ग इथे सांगलीतच, विश्रामबागेत भरतो. साठीच्या पुढच्या दहा-बारा बायका आणि बायकोच्या धाकाने आलेले दोन पुरुष. शिकवणारी मुलगी मिरजेहून स्कूटीवर येते. वर्षभराच्या चित्रांचं प्रदर्शन साताऱ्यात लावायचं असं ठरलं आणि त्या मुलीच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, की प्रत्येक चित्राशेजारी एक कार्ड लावायचं, आणि त्यावरचा मजकूर चित्र काढणाऱ्याने लिहायचा नाही, घरातल्या माणसाने लिहायचा. म्हणजे काढणार एक आणि निस्तरणार दुसरा.

वर बायकोने स्वतःची एक अट घातली. "तुम्ही लिहिलेलं मला पटलं तरच चित्र पाठवीन. नाहीतर राहू दे घरी."

"म्हणजे माझी परीक्षाच म्हण की."

"तसं समजा."

ती हट्ट करणारी बाई नाही. साडीच्या दुकानातसुद्धा दुसरी घडी उलगडायला लावत नाही. त्यामुळे ती हे मनापासून बोलते आहे हे मला कळलं. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा तिच्या हातचं काहीतरी चार लोकांसमोर भिंतीवर लागणार होतं. आजवर तिच्या रांगोळीचं कौतुक खूप झालं, पण रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकायची असते. आमची मुलगी रविवारी पुण्याहून साताऱ्याला यायची होती, तिकीटही काढून झालं होतं. आता चित्र गेलं नाही तर त्याला कारण मी होणार होतो.

चित्र पुढच्या खोलीत खुर्चीवर टेकवून ठेवलं होतं. पाण्यावरचा सूर्यास्त. एवढं मलाही कळत होतं. पण सूर्य म्हणावा तर गोल नाही. तिने अंगठ्याने तांबडा रंग फासला होता, त्यात अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या. पाणी निळं नाही. खाली गढूळ, मातकट, त्यावर शेंदरी पट्टे, सुरीने लोणी थापावं तसे जाड. डाव्या बाजूला एक उभा काळा फराटा. खाली आडवी करडी पट्टी. आणि सूर्याच्या थोडं अलीकडे तीन शेंदरी ठिपके, जे मला रंग सांडल्यासारखे वाटले. ते पुसायचे राहिले का, असं मी तिला विचारलंसुद्धा. ती ब्रश धुवायला निघून गेली.

पहिला मजकूर मी मंगळवारी लिहिला. 'जीवनाच्या सायंकाळी मनाच्या शांत जलाशयावर तृप्तीचे रंग उमटतात' वगैरे. कार्यालयातल्या निरोपसमारंभांना माझं भाषण ठरलेलं असायचं, त्यातलाच माल. बायकोने चष्मा लावून वाचलं.

"हे कुणाच्या निवृत्तीला द्या," ती म्हणाली आणि कागद परत ठेवला. "यात माझं चित्र कुठेय?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्या शिकवणाऱ्या मुलीला फोन लावला आणि स्पष्टच विचारलं की, बाई गं, या चित्राचा अर्थ काय आहे तेवढा सांग, मी शुद्ध भाषेत उतरवतो. ती हसली. म्हणाली, "काका, चित्र असं वाचायचं नसतं. त्याच्यासमोर नुसतं बसायचं. रंग काय म्हणतात ते ऐकायचं."

बुधवारी मी बसलो. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून चित्रासमोर चांगली वीस मिनिटं. रंग काहीही म्हणाले नाहीत. कंबर तेवढी बोलायला लागली. बायको आतून भाजी निवडता निवडता मला बघत होती, आणि ती बघते आहे म्हणून मला उठताही येईना. आपल्याच घरात आपलीच बायको आपला पेपर तपासायला बसली आहे, आणि प्रश्न काय आहे हेच आपल्याला माहीत नाही, या गोष्टीचा असा काही संताप येतो की विचारू नका.

गुरुवारी आमच्या खात्यातला जुना जीपचालक आला. दुष्काळी जतचा माणूस. सांगलीत दवाखान्यात आला की मला भेटल्याशिवाय जात नाही. तो चित्रासमोर थबकला आणि टोपी काढून हातात घेतली.

"आयला साहेब, लय पानी हाय की! एवढं आमच्यात आलं तर टँकरवाल्यांचा धंदा बसंल."

"बाकी काय दिसतं?"

त्याने जरा वेळ बघितलं. "मानूस दिसत न्हाई हो कुठं. एवढ्या पान्यात एकलंच बघत बसल्यागत वाटतंय. भ्या वाटतं."

"अरे, सूर्यास्ताचं चित्र आहे. त्यात माणूस कशाला पाहिजे?"

"तसं आसंल," तो म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. बायकोने मात्र त्याला थांबवून हातावर दोन लाडू ठेवले. मला कळेना, याने असं काय मोठं सांगितलं.

तो गेल्यावर मी परत चित्राकडे वळलो आणि त्याच्या त्या 'लय पानी'मुळे माझं लक्ष पहिल्यांदा त्या काळ्या फराट्याकडे नीट गेलं. फराट्याला मध्येच एक चौकोनी फुगवटा होता, आणि पाणी बरोबर त्या फुगवट्याच्या तळाला टेकलेलं होतं. मी ताडकन उठलो. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी, उताराच्या खालच्या टोकाला असलेला विजेचा खांब होता. फुगवटा म्हणजे त्यावरची पेटी. खालची करडी पट्टी म्हणजे आमच्या गच्चीचा कठडा. हा नुसता सूर्यास्त नव्हता. हा महापूर होता, आमच्या गच्चीवरून बघितलेला.

आता इथे सांगलीबाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. आमच्या गावात प्रत्येक घराला एक आकडा असतो. कृष्णेवरच्या पुलाच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवलेली आहे. पाणी त्या पट्टीवर कितीला पोचलं की कुणाच्या दारात येतं, हे इथल्या माणसाला पाढ्यासारखं पाठ असतं. घर भाड्याने घेताना नळाला पाणी किती वेळ येतं हे मागाहून विचारतात, आधी विचारतात नदीचं पाणी कितीला येतं. कुणी पंचेचाळीसचा, कुणी पन्नासचा. आम्ही चोपन्नचे. हा आकडा मला माझ्या वडिलांनी सांगितला आणि मी स्वतः पारदर्शक नळीत पाणी भरून, खांबावरच्या पेटीचा तळ आणि आमचा उंबरा एका पातळीत आहेत, हे मोजून पक्का केला. शिवाय पुलाची ती पातळी वाचून नोंदवणं हीच माझी तीस वर्षांची नोकरी. तेव्हा गल्लीत माझ्या शब्दाला वजन होतं. पाणी वाढायला लागलं की शेजारी टीव्ही बंद करून माझ्याकडे यायचे.

मी टेबलाच्या खणातून फूटपट्टी काढली आणि चित्रावर ठेवली. रंग अजून ओला होता, पट्टीला शेंदरी डाग लागला, पण मला धीर कुठला! महापुराच्या त्या आठवड्यात मी रात्रंदिवस पुलावरच्या ड्यूटीवर होतो, आणि ऊन एकाच संध्याकाळी पडलं होतं. आमच्याकडे असंच होतं. इथला पाऊस थांबतो, आकाश मोकळं होतं, आणि वर साताऱ्याकडे पडलेलं सगळं पाणी खाली आमच्याकडे येतच राहतं. म्हणजे ही संध्याकाळ ती. त्या संध्याकाळची पुलावरची पातळी मला आजही झोपेत विचारली तरी सांगता येते. बावन्न फूट. आणि चित्रात पाणी पेटीच्या तळाला, म्हणजे चोपन्न.

मी स्वयंपाकघरात गेलो. विजयी चेहऱ्यानेच गेलो असणार.

"कळलं मला तुझं चित्र. पूर आहे. आपली गल्ली. बरोबर?"

तिने गॅस बारीक केला आणि हात पुसले. "बरोबर."

"पण एक चूक आहे. तू दोन फूट पाणी जास्त दाखवलं आहेस."

"पाणी तिथवर होतं," ती म्हणाली.

"असणं शक्य नाही. पुलावर त्या दिवशी बावन्न होतं. आपल्याकडे पाणी दुसऱ्या दिवशी आलं, पुलावर चोपन्न ओलांडल्यावर. मी तुला फोनवर सांगितलं होतं ना, आज येणार नाही म्हणून? आणि आलं नाही."

"आणखी काय दिसतं?" तिने विचारलं.

"आणखी काय दिसायचं आता? एवढं शोधून काढलं ते कमी आहे?"

तिने गॅस परत मोठा केला. मी बाहेर येऊन धुमसत बसलो. एवढं मोजून, ताळा करून सांगितलं, त्याचं काही नाही. आणि जतचा माणूस 'भ्या वाटतं' म्हणाला तर त्याला लाडू! पुराच्या बाबतीतला माझा अंदाज चुकला नाही ही गोष्ट मी पुढे किती लग्नांत, किती बारशांत सांगितली असेल. बायको शेजारी बसून ऐकायची आणि कधी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. मी ते होकारातच धरत आलो.

शुक्रवारी समोरच्या काकू आल्या. सत्तरीच्या पुढच्या, पण सगळ्या गल्लीची खबर ठेवणाऱ्या. बायको बाजारात गेली होती. काकूंनी दारातूनच चित्र बघितलं आणि आत येऊन पदर तोंडाला लावला.

"आगं बया, ही तर आमची बोट!"

"कसली बोट?"

"ह्ये काय," त्यांनी त्या तीन शेंदरी ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ती शेंदरी जाकिटं घातली हुती न्हवं आमाला. मी, माझी सून आन् नात. आमी चाललोय ह्यात."

रंग सांडलेला नव्हता तर.

"पण काकू, तुम्ही त्या संध्याकाळी गेलातच कशाला? पाणी दुसऱ्या दिवशी आलं."

काकूंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. "आवं, कुनी सांगितलं तुमास्नी? त्याच दिशी आलं की. नदीकडनं न्हाई आलं, मागच्या नाल्यानं आलं. नाला बुजवून वर इमारती उठवल्या, पानी जानार कुठं? तुमच्या मोरीतनं वर आलं. दिवस कलताना बोटवाली पोरं दारात आली. आवं काकू, चला, म्हनली. आमी बसलो. तुमची बायको उंबऱ्यात उबी, घोट्याएवढ्या पान्यात. तिला बी म्हनली, चला. तर म्हनती कशी, 'ह्यांचा फोन आला होता. चोपन्नशिवाय आपल्या दारात पाणी येत नाही, बोटीबिटीत बसू नको म्हणालेत. मी थांबते.'"

"पाण्यात उभं राहून असं म्हणाली?"

"व्हय. पोरं बी हसली. मग गेलो आमी."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी कवा इचारलं?" काकू म्हणाल्या, आणि वाटीभर साखर घेऊन गेल्या.

मी त्या चित्रासमोर पुन्हा बसलो, आणि या वेळी उठलो नाही. नाला बुजवलेला मला माहीत होता. रोज सकाळी फिरायला मी त्यावरूनच जात होतो. पण माझा आकडा वडिलांच्या काळचा होता, आणि आकड्याखालची जमीन बदलली आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुलावरची पट्टी वाचणाऱ्या माणसाची ही चूक. तीस वर्षं पाणी बघितलं ते पुलावरून. घराच्या मागून ते कधी येईल असं वाटलंच नाही. आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून माझी बायको, आलेली बोट परत पाठवून, पुढे दोन दिवस गच्चीवरच्या खोलीत एकटी राहिली. मला स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर तिचाही राग आला. पाच-सहा वर्षं एक अक्षर बोलू नये माणसाने?

शनिवारी सकाळी आठला मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं: 'हे चित्र महापुरात बुडालेल्या आमच्या गल्लीचे आहे. त्या दिवशी पाणी घरात येणार नाही, असे मी पत्नीस दूरध्वनीवरून कळविले होते. नाल्याची बदललेली स्थिती विचारात न घेतल्याने माझा अंदाज दोन फुटांनी चुकला. त्याबद्दल मी दिलगीर आहे.'

आयुष्यात पहिल्यांदा मी चूक लेखी कबूल करत होतो. निदान तिचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती.

"हा खुलासा झाला," ती म्हणाली. "साहेबांना द्यायचा असतो तसा."

माझा तोल गेला. "मग काय लिहू? सोमवारपासून डोकं फोडून घेतोय मी! भावना लिहिल्या, तर चालत नाही. मोजून सांगितलं, तर चालत नाही. चूक कबूल केली, तीही चालत नाही. तुला नेमकं पाहिजे काय आहे?"

टेंपो साडेनऊला यायचा होता. ती डायनिंग टेबलाशी बसली आणि कार्ड दोन बोटांनी सरळ करत राहिली.

"अंदाजाचं मला काही नाही हो," ती म्हणाली. "पाणी आहे, चुकतो अंदाज. मी काही दोन फुटांचं चित्र काढलेलं नाही. तुम्ही दोन दिवसांनी आलात, बोटीतून. मी जिन्यात उभी होते. आल्या आल्या पहिलं काय विचारलंत, आठवतं?"

मला आठवेना. कशी आहेस, असं विचारलं असणार. दुसरं काय विचारणार माणूस?

"'पाणी कितव्या पायरीला लागलं होतं?' मी म्हटलं, आठव्या. तुम्ही खिशातून वही काढून लिहून घेतलंत. मग चपला शोधायला लागलात."

ती रागाने बोलत नव्हती. तेच जास्त अवघड होतं. वही मला आठवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी ती चार दिवस खिशात जपली होती. त्यात त्या आठवड्याची तासातासाची पातळी आहे, आणि आमच्या जिन्याच्या आठव्या पायरीचीही नोंद आहे.

सव्वानऊ वाजले. मी दुसरं कार्ड मागितलं. नव्हतं, म्हणून त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं. एकच ओळ झाली. 'त्या संध्याकाळी तिचं काय झालं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. मग उठली, कपाटातून जुनी चादर काढली आणि चित्र गुंडाळायला लागली. "धरा जरा तिकडून," म्हणाली. मी धरलं. टेंपोवाला बेल वाजवत होता. चित्र चाललं होतं.

रविवारी आम्ही एसटीने साताऱ्याला गेलो. खरं सांगतो, इस्लामपूर यायच्या आत मला झोप लागली. एखादी अडलेली फाइल एकदाची बाहेर पडावी तसं हलकं वाटत होतं. कराडला उतरून मी तिला चहा पाजला, पेपर घेतला. पेपरातल्या दोन बातम्या वाचून दाखवल्या.

पोवई नाक्याजवळ एका सभागृहात प्रदर्शन होतं. चित्राला जागा चांगली मिळाली होती, दारासमोरची. बायकोने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, आणि आपल्या चित्राजवळ उभं राहायचं की लांब, हे तिला ठरवता येत नव्हतं. आमची मुलगी मोबाइलवर तिचे फोटो काढत होती. लोक येत होते, बघत होते. सातारकरांचं सगळ्यांचं एकच. "काय शांत वाटतंय नाही!" "कास तलाव आहे का हो?" "असा सूर्यास्त बघायला मिळायला नशीब लागतं." मी दात-ओठ खात उभा होतो. तुमच्याकडे पडलेलंच पाणी आहे ते बाबांनो, आमच्या मोरीतून वर आलेलं! पण बायको प्रत्येकाला हसून "थँक्यू" म्हणत होती, म्हणून मी गप्प बसलो.

मग चाळिशीच्या एक बाई आल्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. त्यांनी आधी चित्र बघितलं, मग वाकून कार्ड वाचलं, मग परत चित्र बघितलं. या वेळी जरा जास्त वेळ. मग आमच्याकडे वळल्या.

"हे कार्ड तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"मग विचारलंत का?"

मला प्रश्न कळला नाही, असं मी दाखवलं. "काय?"

"यात लिहिलंय ना, अजून विचारलेलं नाही. मग नंतर विचारलंत का?"

बायको माझ्या शेजारीच होती. तिने हातातला कागदी कप खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. मुलीनेही मोबाइल खाली घेतला.

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे, हे कालच सकाळी लिहिलंय." हे बोलताना माझंच मला ऐकू आलं. काल सकाळ, अख्खी दुपार, संध्याकाळ, आज एसटीतले तीन तास. ती खिडकीशी बसली होती आणि मी झोपलो होतो. लिहून झालं म्हणजे काम झालं, असंच मी धरून चाललो होतो.

त्या बाईंनी छत्री काखेत मारली. त्या पुढच्या चित्राकडे सरकल्या. मी बायकोकडे वळलो. चारचौघांत, दारातून माणसं आत येत असताना, कसा विचारायचा असतो हा प्रश्न, मला कळत नव्हतं. शेवटी कसंबसं म्हटलं, "बोट गेल्यावर तू काय केलंस?"

तिने चित्राकडे बघूनच उत्तर दिलं.

"गच्चीवर धावत आले आणि ओरडले. परत फिरा म्हणून. तुमचं ऐकून नाही म्हटलं होतं, पण बोट वळल्याबरोबर भीती वाटली मला. त्यांची पाठ माझ्याकडे होती. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. सूर्य बुडेपर्यंत ओरडत होते. मग तुम्हाला फोन लावला."

"मी उचलला नाही का?"

"उचललात की. 'आत्ता पातळी घ्यायची वेळ झालीय, थोड्या वेळाने कर,' म्हणालात." तिने कपातला चहाचा शेवटचा घोट घेतला. "मग बॅटरी संपली."